मावशींचे यजमान गेले. इस्पितळातल्या माणसांचे आभार नेमके कसे पोचवावेत?

सांजवात (डिचोली)

नमस्कार. मावशीच्या वतीने विचारते आहे. तिचे यजमान कर्करोगाने गेले. आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) एकोणीस दिवस, मग घरी, आणि शेवटचे तीन दिवस परत वॉर्डात. परवा बारावे झाले. आता तिचे एकच म्हणणे: "ज्या मुलींनी त्यांचे सगळे केले, त्यांना माझा शब्द पोचला पाहिजे."

पण नावे कोणाचीच ठाऊक नाहीत. रात्रपाळीची एक केरळची सिस्टर, एक वयस्क अटेंडंट, चष्मेवाला तरुण डॉक्टर, घरी येणारी आरोग्य केंद्राची नर्स, १०८ वरची दोन माणसे, एवढेच तिला सांगता येते. घरात कोणी म्हणतो पाकीट द्या, कोणी म्हणतो शाल-श्रीफळ, कोणी पेपरात आभार छापा म्हणतो. शिवाय हवेची गादी, ऑक्सिजनचे यंत्र आणि पिशवीभर औषधे उरली आहेत, ती इस्पितळाला देता येतील का? मावशीला लिहायची सवय नाही, बोलते कोकणीतून.

ज्यांना वॉर्डाची आणि कागदपत्रांची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सांगावे.

---

रात्रपाळी (फोंडा, नर्सिंग)

ताई, नावे नसली तरी अडत नाही. तारीख, पाळी आणि केलेले काम, या तीन गोष्टी असल्या की माणूस सापडतो. प्रत्येक वॉर्डाची ड्युटी लिस्ट असते आणि ती इनचार्ज सिस्टरकडे राहते. पाळ्या साधारण सकाळी आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. "अमुक तारखेची रात्रपाळी" एवढे लिहिले तरी यादीतून दोन-तीन नावांवर येता येते आणि कामाच्या वर्णनावरून त्यातले नेमके एक. रुग्णाचे पूर्ण नाव, केस पेपरवरचा आयपी नंबर (भरतीचा क्रमांक) आणि वॉर्ड मात्र पत्रात हवाच, त्याशिवाय कोणी यादी उघडणार नाही.

हे मात्र लवकर करा. इंटर्न वर्षभर वेगवेगळ्या विभागांत फिरत असतात, काही आठवड्यांनी त्यांची पोस्टिंग बदलते. सिस्टरांचीही वॉर्डबदली होते. मृत्यूच्या सारांशावर (इस्पितळाने दिलेल्या डेथ समरीवर) युनिटचे आणि वरिष्ठ डॉक्टरांचे नाव असते, रात्री धावत आलेल्या निवासी डॉक्टरचे बहुधा नसते. म्हणून "अमुक युनिटचे, अमुक रात्री ड्युटीवर असलेले डॉक्टर" असे लिहावे.

आता महत्त्वाचे. मावशींजवळ बसा आणि कोण चांगले होते ते विचारू नका, कोणी काय केले ते विचारा. कामावरून माणूस ओळखता येतो. इंजेक्शन, सिरिंज पंप, सक्शन, कॅथेटर, वेदनेची नोंद हे सिस्टरचे काम. अंग पुसणे, चादर बदलणे, पॉट देणे, ट्रॉली ओढणे हे अटेंडंटचे. कूस बदलायला दोघे लागतात. रक्त काढायला बहुतेक वेळा इंटर्न येतो. मृत्यू झाल्याचे निदान डॉक्टर करतो: नाडी आणि छाती तपासतो, टॉर्चने बुबुळे बघतो, ईसीजीची सरळ रेघ काढतो आणि मग घरच्यांना सांगतो. ते कसे सांगितले, उभ्याउभ्या की खुर्ची ओढून, हे मावशींना पक्के आठवत असेल. तेच लिहा.

दोन प्रश्न मुद्दाम विचारा. पहिला: तोंड कोण ओले करत होते?

शेवटच्या दिवसांत रुग्णाला गिळता येत नाही. चमच्याने पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाते, म्हणून नातेवाइकांना पाणी पाजू देत नाहीत आणि नातेवाइकांच्या जिवाला ते फार लागते. तोंडाने श्वास चालू असतो, ऑक्सिजन लावलेला असतो, त्यामुळे जीभ लाकडासारखी कोरडी पडते. तेव्हा बोटाला गॉझ गुंडाळायचा, स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून घ्यायचा आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हाताने फिरवायचा. दर एक-दोन तासांनी. मग ओठांना मलम. कोणी ग्लिसरीन लावतात, पण त्याने कोरड वाढते, पाणीच बरे. हे काम ना बिलावर येते ना सारांशात. चाळीस खाटांच्या वॉर्डात ते राहून गेले तरी कोणी जाब विचारत नाही. ज्या सिस्टरने ते केले, तिने ते रुग्णासाठीच केले.

दुसरा: श्वास थांबल्यावर पुढचा तासभर तिथे कोण होते?

नळ्या काढून टोचल्याच्या जागी कापूस दाबून पट्टी लावतात, नाहीतर तिथून पाझरत राहते. पापण्या मिटून त्यांवर थोडा वेळ ओला कापूस ठेवतात. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात किंवा पट्टी बांधतात, हातपाय सरळ करतात. हे वेळेत करावे लागते, कारण दोन ते चार तासांत शरीर ताठरू लागते आणि मग उघडे राहिलेले तोंड मिटत नाही. अंग पुसून नवी चादर घालतात. अंगठी, जानवे, गळ्यातले काही असेल ते सही घेऊन नातेवाइकाच्या हाती देतात. यजमानांचा चेहरा शांत दिसला असे मावशी म्हणत असतील, तर त्यामागे कोणाचे तरी वेळेवर पोचलेले दोन हात आहेत. बहुधा त्या वयस्क अटेंडंटबाईंचेच. आणि पडदा ओढून मावशींना काही वेळ एकटीला बसू दिले असेल, तर तेवढा वेळ बाहेर कोणीतरी ट्रॉली थांबवून धरली होती.

पत्र एका पानाचे ठेवा. "सर्व स्टाफ उत्तम आहे" असे पत्र फायलीत जाते. "१४ तारखेच्या रात्री तीन वाजता सिस्टरांनी माझ्या नवऱ्याचे तोंड पुसले" असे पत्र ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्यांकडे काम सोपवताना) वाचून दाखवले जाते.

---

दप्तर (पणजी)

कागदाचा रस्ता सांगतो, कारण इथेच बहुतेक पत्रे अडकतात.

गोमेकॉचे पत्र डीन किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. "प्रत: नर्सिंग अधीक्षक" आणि "प्रत: इनचार्ज सिस्टर, वॉर्ड क्रमांक अमुक" असे खाली स्पष्ट लिहा आणि प्रती खरोखरच काढा, म्हणजे एकूण चार: दोन कार्यालयांना, एक वॉर्डाला, एक तुम्हाला. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. गोमेकॉ आरोग्य संचालनालयाखाली येत नाही, त्यामुळे कांपालला संचालनालयात पत्र दिले तर ते निष्कारण फिरत राहील. उलट घरी येणाऱ्या नर्सचे आभार मानायचे तर पत्र त्या आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्रत आरोग्य संचालकांना. ही दोन पत्रे वेगळी लिहावीत, एकात घालू नयेत.

शेवटी एक ओळ: "हे पत्र संबंधित कर्मचाऱ्यांना दाखवावे व त्यांच्या सेवा नोंदीत ठेवावे ही विनंती." ही ओळ नसली तर पत्राखाली "पाहिले" अशी सही होते आणि ते तिथेच संपते.

सफाई आणि सुरक्षा कर्मचारी बऱ्याचदा दुसऱ्या संस्थेमार्फत नेमलेले असतात. इस्पितळाला गेलेले पत्र त्यांच्या मालकापर्यंत पोचत नाही. गणवेशावर संस्थेचे नाव असते, ते टिपून एक प्रत तिकडे पाठवा. कंत्राटावरच्या माणसाला असा कागद नूतनीकरणाच्या वेळी उपयोगी पडतो, कायम नोकरीतल्या माणसापेक्षा जास्त. १०८ चेही तसेच. गाडीवर एक ईएमटी (वाटेत उपचार करणारा) आणि एक पायलट असतो (चालकाला तिथे पायलट म्हणतात). कॉल केला तो मोबाईल नंबर, तारीख आणि वेळ दिली की त्यांच्या नोंदीतून दोघांची नावे निघतात.

भाषा: मराठीतच लिहा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही शासकीय कामात स्थान आहे. सिस्टर केरळची असेल तर मागच्या बाजूला चार ओळी इंग्रजीत लिहा, पण मूळ पत्र मावशींच्या तोंडचेच असू दे.

पाकिटाबद्दल: देऊ नका. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. नियम १३ भेटवस्तूंचा आहे. प्रासंगिक जेवण किंवा साधा पाहुणचार भेट धरला जात नाही. रोख पाकिटाला मात्र तो आधार नाही, आणि कोणी तक्रार केली तर त्रास त्या सिस्टरलाच होतो. शिवाय पाकीट मिळते समोर दिसणाऱ्या एकाला. पाच जणांनी केलेल्या कामाचे पैसे एकाच्या हातात गेले की वॉर्डात कुजबूज सुरू होते, आणि ते शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने पाहिले तर त्याला वाटते इथे द्यावेच लागते. त्या माणसाकडे द्यायला काहीच नसेल तर? पाकीट नको म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

पैसे द्यायचेच असतील तर रोगी कल्याण समितीला, चेकने आणि पावती घेऊन. आयकरात सवलत हवी असेल तर समिती त्यासाठी नोंदलेली आहे का ते आधी विचारा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या कर प्रणालीत ही वजावट मिळतच नाही.

---

वाड्यावरचा

आमच्या वाड्यावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची पद्धत आहे. वर्षश्राद्धाला किंवा १२ मे च्या परिचारिका दिनाला देवळाच्या मंडपात छोटा कार्यक्रम ठेवला तर? चार माणसांसमोर मान मिळतो, त्याचे मोल वेगळे.

---

दप्तर (पणजी)

मान जरूर मिळावा, पण त्याच नियमांतला पुढचा नियम, क्रमांक १४, नेमका यासाठीच आहे. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही, आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेलाही जाता येत नाही. निवृत्ती किंवा बदलीचा खाजगी, अनौपचारिक निरोप समारंभ आणि सार्वजनिक संस्थेने ठेवलेला साधा, कमी खर्चाचा कार्यक्रम यांना सूट आहे. पण आपला कार्यक्रम त्या सुटीत बसतो की नाही हे आपण मंडपात बसून ठरवू नये. मंडळाने महिनाभर आधी इस्पितळाच्या प्रमुखांना पत्र द्यावे, नावे त्यांनाच सुचवू द्यावीत आणि परवानगी हातात आल्यावरच निमंत्रण छापावे. नाहीतर पत्रिकेत नाव छापलेली सिस्टर येत नाही आणि तिने मान नाकारला असा लोकांचा समज होतो, जो तिच्यावर अन्याय आहे.

खाजगी इस्पितळाला हे नियम नाहीत, तिथे व्यवस्थापनाला विचारले की पुरते.

पेपरात पत्र द्यायला हरकत नाही. दीडशे-दोनशे शब्दांत लिहा, वाचकांच्या पत्रांत जागा होते. कर्मचाऱ्याचे नाव छापण्याआधी इनचार्जमार्फत तिची संमती घ्या. वॉर्डात काढलेले फोटो फेसबुकवर किंवा वॉट्सॲपवर अजिबात नकोत, मागे दुसऱ्याच कोणाचा तरी रुग्ण दिसत असतो.

---

पंपवाला (मडगाव, वैद्यकीय उपकरणे)

गादी, यंत्र आणि औषधे, तिन्हींचे वेगवेगळे उत्तर आहे.

औषधे इस्पितळ सहसा परत घेत नाही, कारण घरी ती कुठल्या तापमानात ठेवली होती याची खात्री नसते. मॉर्फिन असेल तर ते वेगळे काढा. उरलेल्या गोळ्या मोजा, आकडा लिहा आणि जिथून दिल्या होत्या तिथेच नेऊन द्या, परत केल्याची नोंद मागा. शेजारच्या कर्करोगाच्या रुग्णाला "उपयोगी पडतील" म्हणून देऊ नका. ज्याला सवय नाही त्याचा श्वास त्याच मात्रेने मंदावतो. फेंटानिलचे पॅच वापरून झाले तरी त्यांत औषध उरते. चिकट बाजू आत करून दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे परत करा. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत घालून, झाकणाला टेप लावून आरोग्य केंद्रात द्या. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसतात.

हवेची गादी: आधी साबणाच्या पाण्याने पुसा. मग ब्लीच. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १ भाग ब्लीचला ४९ भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्का. दहा मिनिटे ओले राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. ब्लीचमध्ये संडासाचे ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. सावलीतच वाळवा, उन्हात प्लास्टिक कडक होऊन शिवणीला तडकते. घडी घालण्याआधी कप्प्यांच्या मधल्या खाचा कापडाने कोरड्या करा. आपल्या पावसाळ्यात ओली घडी घातलेली गादी पंधरा दिवसांत बुरशीने काळी पडते आणि मग ती कोणालाच देता येत नाही. पंप लावून रात्रभर फुगवून ठेवा. सकाळी एखादा कप्पा सैल दिसला तर तिथे भोक आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: नुसते ठेवून दिले तर बिघडतो, हे बहुतेकांना माहीत नसते. आत झिओलाइट नावाचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. दमट हवेत पडून राहिले की दाणे ओल खेचतात आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते. चांगले यंत्र ९० ते ९६ टक्के देते. बहुतेक यंत्रांत ती ८० च्या आसपास आली की इशाऱ्याचा दिवा लागतो, पण जुन्या यंत्रात दिवाच गेलेला असू शकतो. म्हणून देईपर्यंत आठ-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा, जाळीचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा आणि देण्याआधी ॲनालायझर लावून शुद्धता मोजून घ्या. किती तास चालले तो मीटरवरचा आकडा, खरेदीचे बिल आणि मोजलेली शुद्धता एका कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. नाकातली नळी, मास्क, पाण्याची बाटली, सक्शनच्या नळ्या देऊ नका, टाकून द्या. त्या नव्याच घ्याव्या लागतात.

आता कोणाला द्यायचे? मोठ्या इस्पितळाला वापरलेले यंत्र नको असते. घेतले तर डेड स्टॉकला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढवावे लागते, देखभालीचा करार कोणाचा हा प्रश्न येतो आणि यंत्र कोठीत पडते. घरी झोपून असलेल्या रुग्णाला मात्र तेच हवे असते. घरी येणाऱ्या नर्सला विचारा, आपल्या भागात कोणाला गादी लागते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. माझ्या मते तिचे आभार मानण्याची ही सगळ्यात चांगली रीत आहे: तिच्या यादीतली एक अडचण सुटते.

वॉर्डाला नवीन काही द्यायचे असेल तर आधी विचारून घ्या. न विचारता आणलेल्या व्हीलचेअरी एकावर एक रचलेल्या असतात आणि नातेवाइकाला रात्री बसायला खुर्ची नसते.

---

अबोली (म्हापसा)

खाऊ न्यायचा असेल तर दोन गोष्टी. सकाळी दिलेला डबा सकाळच्याच पाळीत संपतो, आणि मावशींची सिस्टर तर रात्रीची. म्हणून तीन वेगळी पाकिटे करा, वर पाळीचे नाव घाला आणि रात्रीचे पाकीट आठच्या ओव्हरनंतर पोचवा. ओल्या नारळाचे काही नको, वॉर्डाच्या उष्म्यात संध्याकाळपर्यंत आंबते. खाजे किंवा भाजलेले काजू बरे, पाकीट फोडून ठेवले तरी टिकतात आणि हात न माखता खाता येतात. फुले आयसीयूत आणि कर्करोगाच्या वॉर्डात नेऊ नका, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात.

यजमानांना रक्त चढवले होते का? असेल तर घरातल्या तरुणांनी रक्तदान करणे हेही आभारच. वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. दोन दानांत पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवसांचे अंतर. फक्त बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत, उपाशीपोटी, जागरणानंतर जाऊ नका, घेरी येते. रुग्णाला ब किंवा क प्रकारची कावीळ होती तर तसे आधीच सांगा.

---

सांजवात (डिचोली)

सगळ्यांना देव बरे करू. काल मावशीजवळ बसले आणि रात्रपाळी यांनी सांगितले तसेच दोन प्रश्न विचारले. तोंड ओले करणारी तीच केरळची सिस्टर. तारीख मिळाली, कारण दुसऱ्या दिवशी एकादशी होती. ती बोटाला गॉझ गुंडाळताना दरवेळी त्यांना नावाने हाक मारून "आता तोंड पुसते हां" असे मोडक्या कोकणीत सांगत होती, ते शुद्धीत नसतानाही. अटेंडंटबाईंनी जानवे गॉझच्या पुरचुंडीत बांधून मावशीच्या हातात दिले, वरून स्वतःचा हात ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. ती पुरचुंडी मावशीने अजून सोडलेली नाही.

हे पत्रात कसे बसवू? आणि मावशी स्वतः वॉर्डात यायचे म्हणते, ते बरे का?

---

रात्रपाळी (फोंडा, नर्सिंग)

बसवायचे काहीच नाही, आहे तसेच लिहा. साधारण असे:

"माननीय वैद्यकीय अधीक्षक, माझे यजमान (पूर्ण नाव, आयपी नंबर, वॉर्ड) आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत होते आणि अमुक दिवशी वारले. अमुक तारखेच्या रात्रपाळीला असलेल्या सिस्टरांनी रात्रभर त्यांचे तोंड ओले ठेवले. शुद्ध नव्हती तरी दरवेळी नावाने हाक मारून मगच हात लावला. दुसऱ्या दिवशी अमुक वेळी ते गेल्यावर तिथल्या अटेंडंटबाईंनी त्यांना नीट निजवले आणि त्यांचे जानवे पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिले. मला त्यांची नावे ठाऊक नाहीत. आपल्या यादीतून शोधून हे पत्र त्यांना दाखवावे व त्यांच्या सेवा नोंदीत ठेवावे ही विनंती."

खाली मावशींचे एक वाक्य कोकणीतच राहू दे, त्या म्हणतील तसे: "तांणीं तांकां आपल्या घरच्या मनशाभशेन पळयले. देव बरें करूं." मग सही. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारी तुमचे नाव, "माझ्यासमोर" असे लिहून. हे सगळे टाईप करू नका, तुमच्या अक्षरात लिहा. आवकला द्यायच्या प्रती झेरॉक्स चालतील, वॉर्डातली प्रत मूळ असू दे.

वॉर्डात जाण्याबद्दल: जाऊ दे त्यांना, पण तयारीने. त्या खाटेवर आता दुसरे कोणी असेल, आणि स्पिरिटचा वास आला की पाय लटपटतात हे त्यांना घरीच सांगून ठेवा. सकाळी राऊंड असतो, दोन आणि आठला ओव्हर असते, तेव्हा कोणाला मान वर करायलाही फुरसत नसते. दुपारी तीन-चारच्या सुमारास जा. आदल्या दिवशी इनचार्ज सिस्टरना भेटून सांगा, त्या मावशींना आपल्या खोलीत बसवतील, खाटांमधून जावे लागणार नाही. रात्रीच्या सिस्टरची ड्युटी कधी आहे तेही त्याच सांगतील. तिचा खाजगी मोबाईल नंबर मागू नका. भेटायचे की नाही ते तिच्यावर सोडा. काहींना जमते, काहींना नंतर पाळी पुरी करणे कठीण जाते.

भेट झालीच तर मावशींना काही बोलायला सांगू नका. पत्र त्यांच्याच हातून द्या, तेवढे पुरते.

---

सांजवात (डिचोली)

इनचार्ज सिस्टरना आज भेटून आले. ड्युटी लिस्ट उघडून त्यांनी दोन्ही नावे काढली. अटेंडंटबाई त्याच वॉर्डात आहेत, सिस्टरांची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आहे, पण त्या बुधवारी दुपारच्या पाळीला आहेत. आरोग्य केंद्राचे पत्र वेगळे लिहिले, गादी परवा नर्सबाई सांगतील त्या घरी जाईल. बुधवारी साडेतीनला आम्ही दोघी बांबोळीला जातो. मावशीने पुरचुंडीही बरोबर घ्यायची ठरवली आहे.